वाफेतल्या शिशाबद्दल

साधारण २०१५ ते २०१९ या काळात माझ्यासमोर कुणी वेपिंगबद्दल काळजी व्यक्त केली, की मी वेपची बाजू घेऊन बोलत असे. घरात, प्रयोगशाळेत, कॉलेजातल्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी. ‘त्यात केमिकल असतात म्हणे,’ असं कुणी म्हटलं की माझं उत्तर तयार असायचं: मीठही केमिकलच आहे, प्रश्न कोणतं आणि किती एवढाच. रसायनशास्त्रात आयुष्य काढलेल्या माणसाला हे उत्तर फार हाताशी असतं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं आणि त्यातलं काय अजून टिकून आहे, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. तेव्हा मी ज्यांना निर्धास्त केलं, त्यांतले काहीजण आजही वेप ओढतात, म्हणूनही.

आधीच्या मतालाही आधार होता. सिगारेटचं बहुतेक विष जळण्यातून येतं. तंबाखूचं पान पेटलं की डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो संयुगं तयार होतात आणि जीव जातो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. निकोटीन माणसाला पुन्हा पुन्हा पाकिटाकडे ओढून आणतं. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाला, जो स्वतः सिगारेट ओढायचा आणि ज्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले, २००३ च्या सुमारास ई-सिगारेट सुचली ती यातूनच: निकोटीन द्यायचं, धूर टाळायचा. आजच्या वेपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटीन आणि स्वाद घातलेले असतात. हा द्रव वातीतून तारेच्या वेटोळ्यापर्यंत येतो, बॅटरीनं तार तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत सुटतात. त्यांनाच आपण वाफ म्हणतो.

२०१४ मध्ये ‘टोबॅको कंट्रोल’ या नियतकालिकात १२ प्रकारच्या ई-सिगारेटींची तपासणी छापून आली. घातक द्रव्यं सिगारेटच्या धुरापेक्षा ९ ते ४५० पट कमी निघाली होती. २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं वेपिंग धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं त्याच दिशेनं मोठा अहवाल काढला. माझा धाकटा भाऊ लेस्टरला राहतो. कित्येक वर्षं तो रोज एक पाकीट संपवायचा. गोळ्या, पट्ट्या, शपथा सगळं करून झालं होतं. माझ्या आग्रहावरून तो वेपकडे वळला आणि काही महिन्यांत सिगारेट पूर्ण सुटली. ‘ताई, जिना चढताना आता मध्ये थांबावं लागत नाही,’ असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा माझ्या लेखी वाद संपला होता.

लोकांची भीती मला बाजूला सारता आली याचं आणखी एक कारण होतं. प्रत्येक वेळी जी बातमी गाजत होती, ती तपासली की ढिली निघायची. २०१५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचं वेपच्या वाफेतल्या फॉर्मल्डिहाइडवरचं पत्र प्रसिद्ध झालं आणि जगभर मथळे झळकले. पत्र वाचलं तर ५ व्होल्टवर ते सापडलं होतं, ३.३ व्होल्टवर सापडलं नव्हतं. एवढ्या तापमानाला वात कोरडी पडून जळते आणि तोंडात इतकी करपट चव येते की माणूस दुसरा झुरका घेत नाही, असा आक्षेप दुसऱ्या संशोधकांनी घेतला. मला तो पटला.

मग पॉपकॉर्नचा विषय आला. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या कामगारांना फुप्फुसाचा एक दुर्मीळ, न बरा होणारा आजार झाल्याचं २००० साली उघड झालं होतं. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल हे त्यामागचं कारण ठरलं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ५१ स्वादांचे वेप तपासले, त्यातल्या ३९ मध्ये तेच डायअॅसिटिल होतं. ऐकायला भयंकर. पण सिगारेटच्या धुरात ते कितीतरी जास्त असतं आणि सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये तो आजार त्या कारणानं दिसलेला नव्हता. शिवाय ब्रिटनमध्ये २०१६ पासून वेपच्या द्रवात डायअॅसिटिल घालायला बंदी आली.

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तरुण मुलं धाप लागून अतिदक्षता विभागात दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मीही हादरले होते. पण पुढे ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतून काढलेल्या द्रवाची तपासणी झाली तेव्हा ४८ जणांमध्ये व्हिटॅमिन ई अॅसिटेट सापडलं. चोरट्या बाजारात गांजाच्या अर्काच्या काडतुसांमध्ये भर म्हणून घातलेला हा तेलकट पदार्थ. दुकानातल्या साध्या निकोटीन वेपशी त्याचा संबंध नव्हता.

या सगळ्याची धूळ खाली बसायच्या आतच, १८ सप्टेंबर २०१९ ला, भारत सरकारनं अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिगारेट आणि बिडी मात्र कोपऱ्यावर उघड मिळत राहिली. मला संताप आला होता. जे जास्त मारतं ते दुकानात आणि जे कमी मारतं ते तुरुंगात, असं मी ज्याला त्याला सांगत फिरले.

मत बदललं ते एका प्रसंगानं नव्हे. माझ्या स्वतःच्या कामानंच ते बदलायला लावलं.

माझी नोकरी पिण्याच्या पाण्यातले धातू मोजण्याची. भारतीय मानकाप्रमाणे एका लिटर पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. हे मोजणाऱ्याला पहिल्या महिन्यातच एक गोष्ट कळते: जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी तपासून काही कळत नाही. घरातल्या नळाचं, रात्रभर थांबलेलं, पहाटेचं पहिलं भांडं तपासावं लागतं. पितळ कातायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालण्याची पद्धत होती. तोटीत, जोडात, झडपेत पाणी तासन् तास उभं राहिलं की ते शिसं पाण्यात उतरतं. केंद्रावर शुद्ध असलेलं पाणी ओठाशी येईपर्यंत बदललेलं असतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आमच्या आजीला कुठल्याही मानकाशिवाय माहीत होतं.

वेपच्या बाबतीत मी इतकी वर्षं केंद्रावरचं पाणी बघत होते. बाटलीत काय आहे, किती आहे, शुद्धता किती. प्रॉपिलीन ग्लायकॉल खाण्यात चालतं, ग्लिसरीन औषधात चालतं, निकोटीन मोजून घातलेलं. ते सगळं धातूच्या नळीत, धातूच्या वेटोळ्याला चिकटून, दिवसेंदिवस उभं राहतं आणि वर तापवलं जातं, या गोष्टीकडे मी धातूवाल्याच्या नजरेनं पाहिलं ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास वाचला तेव्हा.

तो अभ्यास माझ्या मनात अजून घर करून आहे, म्हणून थोडा सविस्तर सांगते. संशोधकांनी नवी कोरी यंत्रं विकत आणली नाहीत. रोज वेप ओढणाऱ्या ५६ जणांची, त्यांच्या खिशातली, वापरातली यंत्रं घेतली आणि प्रत्येकाचे तीन नमुने काढले: भरायच्या बाटलीतला द्रव, यंत्रातून निघालेली वाफ आणि टाकीत उरलेला द्रव. बाटलीत धातू फारसे नव्हते. त्याच बाटलीतला द्रव यंत्रातून गेला की वाफेत आणि टाकीत शिसं, क्रोमियम, निकेल, मँगनीज, जस्त वाढलेलं दिसत होतं. वाफेतल्या शिशाचा मध्यक बाटलीतल्यापेक्षा पंचवीस पटींहून अधिक होता. वाफेच्या जवळपास निम्म्या नमुन्यांत शिसं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं आखलेल्या मर्यादेच्या वर होतं. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर केंद्र, नळ आणि पहाटेचं भांडं, तिन्ही त्यांनी तपासलं होतं आणि उत्तर आम्हाला नेहमी मिळायचं तेच होतं.

हे तसं अचानक आलेलंही नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतल्या संशोधकांनी २०१३ मध्येच वेपच्या वाफेत कथलाचे कण दाखवले होते; आतल्या सोल्डरिंगच्या सांध्यांमधून ते सुटत होते. वेटोळ्याची तार बहुधा निकेल-क्रोमियमची किंवा लोखंड-क्रोमियम-अॅल्युमिनियमची असते. ती दिवसातून शेकडो वेळा तापते आणि थंड होते. अशा तारेतून काहीच सुटणार नाही असं धातूचं काम केलेला कोणीही माणूस म्हणणार नाही.

कुणी विचारेल, आणि रास्तपणे विचारेल, की दिवसाला काही मिलिलिटर द्रवातून असं कितीसं शिसं जाणार? हा प्रश्न मी स्वतःलाही बराच काळ विचारला. अनेक यंत्रांच्या बाबतीत उत्तर ‘थोडंच’ असं आहे. पण दोन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत. एक, आपण पाणी पितो, वेप श्वासात घेतो. प्रौढ माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, बाकीचं बाहेर पडतं. फुप्फुसात खोलवर पोचलेले बारीक कण बहुतांशी रक्तातच जातात. निकेलच्या संयुगांनी श्वासावाटे कर्करोग होतो, हे निकेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांवरून फार पूर्वी सिद्ध झालेलं आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. यंत्रायंत्रांत फरक प्रचंड आहे. मध्यक धीर देतो, टोकाचे आकडे तो काढून घेतात, आणि आपल्या हातातलं यंत्र कोणत्या टोकाचं आहे हे ओढणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शिशाला वास नाही, चव नाही. करपलेली वात जीभ ओळखते, शिसं ओळखत नाही.

‘९५ टक्के कमी’ या आकड्याकडेही मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघू लागले. तो प्रयोगशाळेत मोजलेला आकडा नव्हता. २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं वेगवेगळ्या निकोटीन उत्पादनांना हानीचे गुण दिले, त्यातून तो निघाला, आणि ‘लॅन्सेट’नं २०१५ मध्येच त्याच्या पायावर टीका केली होती. माझी हरकत मात्र त्याच्या पुढची आहे. तो आकडा वेप नावाची एकच वस्तू आहे असं धरून चालतो. वीस-पंचवीस प्रकारच्या विहिरींच्या पाण्याला मिळून एकच आकडा दिला तर मी तो अहवाल सहीशिवाय परत पाठवला असता.

मग एकदा वापरून टाकून द्यायचे वेप आले. रंगीत, खिशात मावणारे, टरबूज आणि निळ्या बोरांच्या स्वादाचे. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी अशा सात यंत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्रानं ५०० ते १,५०० झुरके ओढून त्यांनी वाफ तपासली. एका वेपमधून दिवसभराच्या वापरात जेवढं शिसं निघालं, ते सिगारेटच्या जवळपास २० पाकिटांपेक्षा जास्त होतं. त्याहूनही मला अस्वस्थ करणारी गोष्ट होती ती कारणाची. काही यंत्रांत शिसंमिश्रित ब्राँझचे भाग होते. ते तापतही नव्हते, नुसते द्रवात बुडून होते. शिसं आणि निकेल न ओढताच द्रवात उतरत होतं. झुरके वाढत गेले तसं वेटोळ्यातून निकेल आणि क्रोमियमही वाढत गेलं. काही द्रवांत तर अँटिमनी पहिल्यापासूनच होतं. माझ्या नोकरीत ज्या मिश्रधातूच्या तोट्यांना आम्ही नापास करायचो, त्याच जातीचा धातू इथे कुणाच्या तरी ओठांत होता.

माझी भाची तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्या वर्गात निम्म्या मुलींकडे असे वेप असल्याचं ती सांगायची, आणि एक दिवस भावाला तो तिच्या दप्तरात सापडला. फोनवर ती मला म्हणाली, ‘आत्या, बाबांना तूच सांगितलं होतंस ना, यात नुसती वाफ असते म्हणून?’ मी तिला काय उत्तर दिलं ते नीट आठवत नाही. तिचा प्रश्न मात्र रास्त होता. तिच्या बाबांच्या आणि तिच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि मी जे बोलत होते ते फक्त बाबांच्या बाजूचं होतं. तिचे बाबा वेपकडे आले ते सिगारेटकडून. ती आली स्वच्छ हवेकडून. तिच्या वेपची तुलना सिगारेटशी करायचं कारणच नाही. तिच्या वयात मेंदू अजून घडत असतो, आणि शिशाचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. शरीरात गेलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं, गरोदरपणात परत रक्तात उतरतं. मुलांच्या हवेतून शिसं जावं म्हणून आपण २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आणलं. त्यासाठी लोक कोर्टात लढले. ते शिसं पुन्हा फळांच्या वासातून मुलांच्या छातीत जाणार असेल, तर त्याबद्दल ‘प्रमाण किती?’ एवढंच विचारून थांबणं मला आता शक्य नाही.

आज मागे वळून पाहताना लक्षात येतं, की व्याख्यानांनंतर प्रश्न विचारणाऱ्या त्या बायका, ते पालक, ते एक निवृत्त पोस्टमास्तर, यांचा प्रश्न साधा होता: त्यात काय असतं? मी उत्तर द्यायचे ते दुसऱ्याच प्रश्नाला: सिगारेटपेक्षा कमी असतं. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेले तपशील अनेकदा चुकीचे होते. पॉपकॉर्न, फॉर्मल्डिहाइड, सगळं एकमेकांत मिसळलेलं असायचं. तरीही जी वस्तू छातीत ओढायची तिच्यातलं सगळं कुणीतरी मोजलं पाहिजे, ही त्यांची मागणी पूर्ण बरोबर होती, आणि ती मोजायचं काम माझ्यासारख्यांचं होतं.

जे बदललं नाही तेही सांगते. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणारा माणूस ती पूर्ण सोडून चांगल्या प्रतीच्या, तपासलेल्या वेपवर गेला तर त्याचा फायदाच होतो असं मला आजही वाटतं. ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, निकोटीनच्या पट्ट्या-गोळ्यांवाल्यांपैकी ९.९ टक्के. कॅडमियम हा धातू तंबाखूचं झाड जमिनीतून शोषून घेतं, त्यामुळे तो धुरात भरपूर असतो, वेपमध्ये तितका नसतो. हे खरं आहे आणि ते लपवणं योग्य नाही. पण त्याच चाचणीत वेपच्या मदतीनं सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढत होते. पूर्वी मी हा भाग वाचून पुढे जात असे. धातूंचा हिशेब करताना वर्षं मोजावी लागतात, म्हणून आता तिथेच थांबते. भावाला मी सांगितलं: टाकाऊ वेप घरात आणायचा नाही, वेटोळं वेळेवर बदलायचं, द्रव महिनोन् महिने टाकीत ठेवायचा नाही, आणि निकोटीन उतरवत न्यायचं. त्यानं ऐकलं. आता तो निकोटीनच्या च्युइंगगमवर आहे. ब्रिटननं १ जून २०२५ पासून टाकाऊ वेपची विक्रीच बंद केली. ती बंदी मुख्यतः कचऱ्यासाठी आणि मुलांसाठी होती, तरी शिशाच्या दृष्टीनंही मला ती योग्य वाटली.

आणि आपल्याकडची बंदी? तिच्याविरुद्ध मी जेवढ्या त्वेषानं बोलले तेवढी आज बोलणार नाही. ब्रिटनचा युक्तिवाद आपल्याकडे तसाच्या तसा लागू पडत नाही हे मला उशिरा उमगलं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे शंभरात चारहून कमी होते, तंबाखू चघळणारे, मिशरी लावणारे चोविसाच्या घरात. मिशरी लावणाऱ्या बाईला वेप देऊन काय साधणार? इथे वेप विकत घेणारा बहुतेक वेळा सिगारेट सोडणारा पन्नाशीचा गृहस्थ नसतो, कॉलेजातला मुलगा असतो.

पण नुसत्या बंदीनं मुलांच्या छातीतलं शिसं कमी होत नाही. कॉलेजांच्या आसपास माल मिळतो, फोनवर मागवता येतो. तो कुठून येतो, त्यातली तोटी कसल्या धातूची, निकोटीन किती, काही लिहिलेलं नसतं. ब्रिटनमध्ये निकोटीनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि विक्रीआधी घटकांची नोंद द्यावी लागते. चोरट्या मालाला मर्यादा कोण लावणार? माझी मागणी छोटी आहे. विमानतळांवर, बंदरांत, पोलिसांच्या छाप्यांत जो माल पकडला जातो, त्यातले नमुने नष्ट करण्याआधी सरकारी प्रयोगशाळांमध्ये धातूंसाठी तपासले जावेत आणि आकडे मराठीत, जिल्ह्याजिल्ह्यांत जाहीर व्हावेत. त्यासाठी लागणारी, धातू मोजणारी आयसीपी-एमएस यंत्रं पाणी आणि अन्न तपासणाऱ्या अनेक प्रयोगशाळांत आहेत. न वापरलेल्या वेपमधला द्रव, पाचशे झुरक्यांनंतरचा द्रव आणि वाफ, असे प्रत्येक यंत्रामागे तीन नमुने पुरतील. ‘यात काय असतं?’ असं विचारणाऱ्या पालकाला मग दुसऱ्या देशातल्या अभ्यासाचा दाखला द्यावा लागणार नाही. त्याच्या मुलाच्या कॉलेजजवळ पकडलेल्या मालाचा आकडा दाखवता येईल. या कामासाठी एखाद्या प्रयोगशाळेला हात कमी पडत असतील तर मी निवृत्त असले तरी यायला तयार आहे.